ताई, पोटात दुखतंय

तिसरीतला तो मुलगा रोज एकाच वेळेला यायचा. दुसरा तास संपत आला की दारात उभा. एक हात पोटावर, दुसऱ्या हातात पाण्याची बाटली. "ताई, पोटात दुखतंय."

माझ्याकडे येण्याआधी त्याचं सगळं करून झालं होतं. शिपाईमावशींनी ओवा चावायला दिला होता. आईने डॉक्टरांना दाखवलं, जंतांचं औषध झालं, सोनोग्राफी झाली. कुठेच काही सापडलं नाही. मग वर्गात कुजबुज सुरू झाली, "नाटकं करतो." आणि त्यानंतर त्याला माझ्याकडे पाठवलं गेलं.

मी म्हटलं, "कुठे दुखतं ते बोटाने दाखव." त्याने बेंबीवर बोट ठेवलं.

"घरीही दुखतं?"

तो जरा विचार करून म्हणाला, "रविवारी नाही दुखत."

तो खोटं बोलत नव्हता, हे आधी सांगायला हवं. लहान मुलाचं असं पोट खरंच दुखतं. मेंदू आणि आतडी मज्जातंतूंनी घट्ट जोडलेली असतात आणि धास्ती घेतली की पोटात कळ येते, मुरडा येतो. मुलाखतीच्या दिवशी सकाळी मोठ्या माणसांनाही हे होतं. फरक एवढाच, की मोठ्या माणसाला "मला टेन्शन आलंय" असं म्हणता येतं. आठ वर्षांच्या मुलाजवळ ते वाक्य नसतं. त्याच्याजवळ पोट असतं.

मी गेली 17 वर्षं पुण्यातल्या पेठेमधल्या एका मराठी माध्यमाच्या प्राथमिक शाळेत समुपदेशक आहे. पहिली ते चौथी, 12 तुकड्या, 500च्या वर मुलं आणि मी एकटी. या लेखात जी मुलं येतील त्यांच्या ओळखीच्या खुणा मी बदलल्या आहेत. त्यांनी जे सांगितलं ते माझ्यावर विश्वासून सांगितलं आहे.

मुलं शिकवणाऱ्या सगळ्यांना 'बाई' म्हणतात आणि मला 'ताई'. हे कुणी ठरवून दिलेलं नाही. ही वही तपासत नाही, गुण देत नाही, हजेरी घेत नाही, हे पाहून मुलांनीच वेगळी हाक शोधली. मला ती फार मोलाची वाटते. बाईंना "अहो बाई" असतं, ताईला "तू" चालतं.

माझी खोली जिन्याखाली आहे. पूर्वी तिथे नकाशांच्या गुंडाळ्या, गॅदरिंगचं सामान आणि लेझीम ठेवत. लेझीम अजूनही कोपऱ्यात आहेत. मी एक सतरंजी घातली, शाडूची माती आणली, जुन्या मोज्यांना बटणांचे डोळे लावून बाहुल्या केल्या, एका परातीत वाळू भरून ठेवली. वरचे वर्ग सुटले की डोक्यावरून शे-दोनशे पावलं धडधडत उतरतात आणि अर्धा मिनिट काही ऐकू येत नाही. सुरुवातीला मला त्याचा त्रास व्हायचा. पुढे लक्षात आलं, की काही मुलं अवघड गोष्ट नेमकी त्या गोंगाटात सांगतात. म्हटलं तर सांगितली, म्हटलं तर नाही. तेव्हापासून जिना वाजायला लागला की मी बोलायची थांबते आणि मुलाच्या ओठांकडे बघते.

समुपदेशक म्हटलं की लोकांना दहावी-बारावी आठवते: कलचाचणी, कुठली शाखा घ्यावी, परीक्षेची भीती. त्यात लोकांची चूक नाही. या पेशाचा उगमच तसा आहे. 1908 साली अमेरिकेत बॉस्टनला फ्रँक पार्सन्स या गृहस्थांनी तरुणांना नोकरीधंदा निवडायला मदत करणारं कार्यालय काढलं, तिथून ही वाट सुरू झाली. पुढे 1957मध्ये सोव्हिएत संघाने स्पुटनिक अवकाशात सोडला. अमेरिकेला विज्ञानातली हुशार मुलं हुडकायची घाई झाली आणि 1958च्या कायद्याने शाळाशाळांमध्ये मार्गदर्शक नेमायला पैसा आला. तो सगळा मोठ्या मुलांसाठी. 1964मध्ये त्या कायद्यात दुरुस्ती झाली तेव्हा कुठे प्राथमिक शाळांची पाळी आली. मुलाने पुढे कोण व्हावं, हा प्रश्न आधी विचारला गेला. आज त्याला काय होतंय, हा फार नंतर.

आपल्याकडे तो अजून पुरता विचारला गेलेला नाही. "एवढ्याशा पोरांना कसलं समुपदेशन?" हे वाक्य मी पालकसभेत दरवर्षी ऐकते. एका आजोबांनी मला सरळ विचारलं होतं, "आमचा नातू वेडा आहे का?" मी त्यांना खोलीत बसवलं, शाडूचा गोळा हातात दिला आणि नातू इथे काय करतो ते दाखवलं. ते बराच वेळ माती मळत बसले होते.

त्या पोटदुखीवाल्या मुलाकडे परत येते. दहा दिवस मी एका कागदावर नुसती नोंद ठेवली: तो कुठल्या वारी आला, किती वाजता, त्याआधी वर्गात काय चाललं होतं, त्यानंतर काय होणार होतं. नंतरचा तास बहुतेक वेळा मराठीचा निघाला. त्या तासाला बाई रांगेने एकेकाला उभं करून धड्यातला एकेक परिच्छेद वाचायला लावत. मी मागच्या बाकावर जाऊन बसले. तास सुरू झाला आणि हा बोटाने बाकं मोजायला लागला. आपल्या वाट्याला कितवा परिच्छेद येणार ते तो काढत होता. घरी आई धडा वाचून दाखवायची तेव्हा हा तो पाठ करायचा आणि वर्गात पुस्तक समोर धरून म्हणून दाखवायचा. दोन वर्षं हे निभावून गेलं होतं. पण कुणी गैरहजर असलं की बाकांची गणती चुकायची आणि वेगळाच परिच्छेद वाट्याला यायचा. ज्या दिवशी वर्गात गैरहजेरी जास्त, त्या दिवशी याचं पोट जास्त दुखायचं.

मला ते कळलं तेव्हा घशाशी आवंढा आला. एवढं गणित, एवढं पाठांतर, एवढी टेहळणी, आणि वर्गाच्या लेखी तो 'मठ्ठ' आणि 'नाटकी'.

अशा मुलाला 'अध्ययन अक्षमता' असू शकते. बुद्धी चांगली असते, डोळे-कान ठीक असतात, पण अक्षर आणि ध्वनी यांची सांगड मेंदूत सहज बसत नाही. घ आणि ध, भ आणि म एकमेकांत मिसळतात, जोडाक्षर आलं की गाडी अडते. 2016च्या दिव्यांग हक्क कायद्यात हिचा समावेश आहे आणि रीतसर प्रमाणपत्र असेल तर परीक्षेत सवलती मिळतात. निदान मात्र समुपदेशकाने करायचं नसतं आणि साधारण आठ वर्षांच्या आधी पक्कं निदान करतही नाहीत. आधी नजर आणि ऐकणं तपासायचं, मग बालरोगतज्ज्ञ, मानसशास्त्रज्ञ, विशेष शिक्षक अशी सगळी मंडळी मिळून बघतात. मुंबईत शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात यासाठी खास विभाग आहे. माझं काम त्याच्या आधीचं आणि नंतरचं. आधीचं म्हणजे 'नाटकं' या शब्दापासून मुलाला सोडवणं. नंतरचं म्हणजे तपासण्या चालू असताना रोजचा दिवस त्याला सोसेल असा करणं.

बाईंशी बोलून एवढंच ठरवलं, की त्या वर्गात प्रकट वाचन हात वर करणाऱ्यांनी करायचं. कारण कुणालाच सांगितलं नाही. तीन आठवड्यांत त्याच्या माझ्याकडच्या फेऱ्या कमी झाल्या. वाचन आजही संथ आहे. पण त्याला आता ठाऊक आहे, की पोटात कळ आली तर आधी स्वतःला विचारायचं, "मी कशाला घाबरलोय?" आणि उत्तर सापडलं नाही तरी ताईकडे जायला हरकत नसते.

माझ्या खोलीत बिस्किटांचा एक जुना पत्र्याचा डबा आहे. त्यात चिठ्ठ्या आहेत आणि प्रत्येक चिठ्ठीवर एक शब्द. हा डबा कसा सुरू झाला ते सांगते. माझ्या लक्षात आलं होतं, की आमच्या मुलांजवळ मनासाठी चारच शब्द उरले आहेत: राग आला, रडू आलं, बोअर झालं, टेन्शन आलं. सगळं त्या चारांतच कोंबायचं. आणि आपल्या भाषेत तर या बाबतीत केवढी श्रीमंती! रुसणं वेगळं, हिरमुसणं वेगळं. रुसलेल्याला कुणीतरी समजूत काढायला हवं असतं, त्याचं अर्धं लक्ष दाराकडे असतं. हिरमुसलेल्याचं कुणाकडेच लक्ष नसतं, त्याने मनात काहीतरी योजलेलं असतं आणि ते झालेलं नसतं. नव्या वर्गात पहिल्या दिवशी मूल बावरतं, अंगावर कुत्रं आलं की भेदरतं. आपलं चुकलं हे उमगलं की वरमतं. आणि सगळे आपल्याकडे बघताहेत, कुठे तोंड लपवावं कळत नाही, तेव्हा कानकोंडं होतं. हे शब्द आजीजवळ होते. आजी वेगळ्या घरात गेली आणि शब्दही तिच्याबरोबर गेले.

आठवड्यातून एक तास मला प्रत्येक वर्गात मिळतो. गोल करून बसायचं, एकाने चिठ्ठी काढायची, न बोलता ते वाटणं करून दाखवायचं, बाकीच्यांनी ओळखायचं. मग ज्याला आठवेल त्याने सांगायचं, "मी असा केव्हा झालो होतो." सांगायचं नसेल तर "पुढे" म्हणायचं. 'पुढे' म्हणायचा हक्क फार महत्त्वाचा. तो आहे म्हणूनच मुलं सांगतात.

दुसरीतल्या एका मुलाने शेजारच्याच्या दंडावर पट्टीने मारलं. चांगलाच वळ उठला होता. दोघं माझ्याकडे आली. मारणारा मान खाली घालून उभा. मी "का मारलंस?" असं विचारत नाही. 'का' विचारलं की लहान मूल कारण शोधायला लागतं आणि सापडलं नाही की बनवतं. मी विचारलं, "मारायच्या आधी काय झालं? आणि त्याच्याही आधी?" हळूहळू निघालं ते असं: त्याने बाईंना चुकून "आई" म्हटलं होतं. सगळा वर्ग हसला. शेजारचा सगळ्यात जास्त हसला.

"मग तुला राग आला?"

त्याने डब्याकडे पाहिलं. "राग नंतर आला. आधी मी कानकोंडा झालो."

सात वर्षांच्या मुलाला हे अंतर दिसलं, आधी काय आणि नंतर काय, यातच माझ्या कामाचा मोठा भाग आला. रागाच्या आधीची पायरी दिसली तर तिथे थांबायला जागा मिळते. शास्त्रज्ञांनीही हे तपासून पाहिलं आहे. कॅलिफोर्निया विद्यापीठात मॅथ्यू लीबरमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2007मध्ये मेंदूचे आलेख काढून दाखवलं, की समोरच्या चेहऱ्यावरच्या भावनेला शब्द दिला की मेंदूतल्या धोक्याची घंटा वाजवणाऱ्या भागाची, अमिग्डालाची, खळबळ कमी होते. तो प्रयोग मोठ्या माणसांवर होता. पण जिन्याखाली बसून मी लहानांमध्येही तेच घडताना बघते. शब्द सापडला की मुलाचे खांदे खाली येतात.

त्या दिवशी मी त्या दोघांना "सॉरी म्हणा, हात मिळवा" असं सांगितलं नाही. मारणाऱ्याने स्वतःच्या रुमालाला पाणी लावून आणलं आणि शेजाऱ्याच्या दंडावर धरलं. हे त्याचं त्याने सुचवलं होतं.

आता कट्टीबद्दल. याबद्दल मला सविस्तर लिहायचं आहे, कारण मोठी माणसं कट्टीला हसण्यावारी नेतात.

कट्टी-बट्टी ही मुलांनी स्वतःसाठी उभी केलेली फार शहाणी व्यवस्था आहे. करंगळी दाखवून उघडपणे जाहीर करायचं, की मी तुझ्याशी बोलत नाही. दोन बोटं पुढे केली की संपलं. भांडायचं कसं, किती वेळ आणि परत जवळ कसं यायचं, हे सगळं त्यात आहे. तसंच खेळातलं 'टॅम्प्लीज'. मुठीला थुंकी लावून ते म्हटलं की धावणारं जग तुमच्यासाठी थांबतं. तसंच 'लिंबूटिंबू'. धाकट्या भावंडाला खेळात घ्यायचं, पण त्याच्यावर राज्य येऊ द्यायचं नाही. दुबळ्याला सामावून घ्यायचा असा साधा नियम मोठ्यांच्या किती संस्थांमध्ये असतो? माझ्या पेशातली पुस्तकं ज्याला सामाजिक कौशल्यं म्हणतात, ती मधल्या सुट्टीत मैदानावर रोज चालू असतात.

बिघडतं केव्हा, तर कट्टी दोघांची न राहता सगळ्यांची होते तेव्हा. चौथीतल्या एका मुलीशी अख्ख्या वर्गातल्या मुलींनी कट्टी घेतली होती. नियम असा, की तिच्याशी जी बोलेल तिच्याशीही कट्टी. नऊ दिवस चाललं होतं. ती डबा घेऊन नळाजवळ उभी राहायची, म्हणजे बघणाऱ्याला वाटावं की हात धुवायला आली आहे. मला ते मावशींनी सांगितलं. शाळेतलं खरं कळतं ते मावशींना आणि रिक्षाकाकांना. त्यांचं ऐकायला शिकणं हाही समुपदेशकाच्या अभ्यासाचा भाग असायला हवा.

मी तिला विचारलं, "आज दिवसभरात तुझ्याशी कोण थोडंसं तरी चांगलं वागलं?" ती म्हणाली, "कुणीच नाही." मग थांबून म्हणाली, "एकीने खोडरबर सरकवलं. बोलली नाही, नुसतं सरकवलं."

त्या खोडरबरापासून मी सुरुवात केली. फिनलंडमध्ये तुर्कू विद्यापीठातल्या क्रिस्टीना साल्मिवाली यांनी मुलांमधल्या छळावर बरीच वर्षं काम केलं आहे. त्यांचं म्हणणं असं, की अशा प्रकारात छळणारं आणि छळलं जाणारं मूल दोघंच नसतात. भोवती बघे असतात. त्यातले काही साथ देतात, काही हसतात, काही गप्प राहतात आणि एखादं मूल छळल्या जाणाऱ्याची बाजू घेतं. छळणाऱ्याला बळ मिळतं ते या बघ्यांकडून, म्हणून काम त्यांच्याबरोबर करायचं. त्यावर तिथे 'किवा' नावाचा शालेय कार्यक्रम उभा राहिला. मी खोडरबरवाल्या मुलीला बोलावलं. तिला वाटलं आता बोलणी बसणार. मी तिला सांगितलं, की तुझ्या खोडरबराची तिने आठवण काढली. ती रडायलाच लागली. तिलाही नऊ दिवस हे आवडलेलं नव्हतं. पुढच्या दोन दिवसांत अशा आणखी चौघी निघाल्या. प्रत्येकीला वाटत होतं, की आपल्यालाच एकटीला वाईट वाटतंय.

मग गोल भरला. मी कुणाचं नाव घेतलं नाही. म्हटलं, "कट्टीचे नियम लिहून काढू." मुलांनी असे उत्साहाने नियम सांगितले, की फळा पुरेना. शेवटी उरले ते हे: कट्टी दोघांचीच, तिसऱ्याला ओढायचं नाही. शाळा सुटेपर्यंत कट्टी सुटली पाहिजे. आणि डब्याला कट्टी नाही. हा शेवटचा नियम वर्गातल्या सगळ्यात दांडगट मुलाने सुचवला होता. तो कागद त्या वर्गाच्या भिंतीवर दोन वर्षं होता.

हे सगळं जिने सुरू केलं होतं ती मुलगीही आली, दोन दिवसांनी, न बोलावता. वाळूत बोटाने रेघा मारत बसली. जिना वाजायला लागला. त्या गोंगाटात ती म्हणाली, "ती आली ना वर्गात, तेव्हापासून माझी मैत्रीण तिचीच झाली." एवढंच. आपण मागे पडू, या धास्तीने तिने वर्गच ताब्यात घेतला होता. जिचा छळ झाला ती एकटी होती हे सगळ्यांना दिसलं. छळणारीही एकटी होती, हे मला त्या अर्ध्या मिनिटात दिसलं. तिच्याबरोबर मी पुढे वर्षभर काम केलं. जिचा छळ झाला तिच्यापेक्षा जास्त.

या कामात माझी एक चूक झालेली आहे आणि ती मी प्रत्येक नव्या समुपदेशकाला सांगते. माझं दुसरंच वर्ष होतं. दुसरीतला एक मुलगा म्हणाला, की रात्री आई-बाबा भांडतात तेव्हा तो पांघरुणात शिरून पाढे म्हणतो. मला इतकं वाईट वाटलं, की मी त्याच दुपारी आईला बोलावलं आणि "तो असं म्हणाला" असं सरळ सांगून टाकलं. दुसऱ्या दिवशी तो मला व्हरांड्यात दिसला. "ताई, तू सांगितलंस," एवढंच म्हणाला. चौथी होऊन शाळा सोडेपर्यंत तो पुन्हा माझ्या खोलीत आला नाही. आईला भेटणं चुकीचं नव्हतं. त्याला न विचारता, त्याचं वाक्य उचलून तिच्यासमोर ठेवणं चुकीचं होतं.

त्यानंतर मी नियम केला. प्रत्येक मुलाला पहिल्याच दिवशी सांगते: तू सांगशील ते माझ्याजवळ राहील. फक्त तीन गोष्टी मी एकटी ठेवू शकत नाही. तुला कुणी इजा करत असेल, तू स्वतःला इजा करणार असशील किंवा दुसऱ्या कुणाला करणार असशील. आणि सांगावं लागलं तर आधी तुला सांगेन, की मी कुणाला सांगणार आहे. पहिलीतल्या मुलालाही हे कळतं.

यातली पहिली गोष्ट कायद्याचीही आहे. बालकांचं लैंगिक अत्याचारापासून संरक्षण करणारा 2012चा पॉक्सो कायदा सांगतो, की असा गुन्हा घडल्याचं किंवा घडण्याचा धोका असल्याचं ज्याला कळलं त्याने पोलिसांना किंवा विशेष बाल पोलीस पथकाला कळवलंच पाहिजे. शाळेची अब्रू, घरची अब्रू, ओळखीचा माणूस, यातलं काहीही आड येऊ शकत नाही. मी दरवर्षी प्रत्येक वर्गात शरीराच्या सुरक्षिततेचा तास घेते, चाइल्डलाइनची 'कोमल' ही छोटी चित्रफीत दाखवते आणि मुलांच्या मदतीसाठीचा 1098 हा क्रमांक त्यांच्याकडून पाढ्यासारखा पाठ करून घेते. पालकांनीही तो पाठ करावा.

शिक्षकांबद्दल लिहिताना मला जपून लिहावंसं वाटतं, कारण 45 मुलांचा वर्ग सांभाळणं काय असतं ते मी स्वतः सहा वर्षं शिकवून अनुभवलं आहे. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 17ने शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोन्हींवर बंदी आणली. अंगठे धरून उभं करणं गेलं. वाक्यं मात्र राहिली. "तुझी ताई किती हुशार होती!" हे वाक्य कुणी वाईट हेतूने म्हणत नाही, पण ते ऐकलेली मुलं ते वर्षानुवर्षं खिशात घेऊन फिरतात. सहा ते बारा हे वय, एरिक एरिक्सन या मानसशास्त्रज्ञाने म्हटल्याप्रमाणे, 'मला जमतं' आणि 'मी कमी आहे' यांच्या रस्सीखेचीचं वय असतं. या वयात मिळालेलं एखादं वाक्य कुठल्या बाजूने दोर ओढेल सांगता येत नाही.

पालकांना मी एकच गोष्ट करायला सांगते. घरी आल्यावर "आज काय शिकवलं?" असं विचारण्याआधी "आज डबा कुणाबरोबर खाल्लास?" असं विचारा. उत्तर रोज ऐका. एखाद्या आठवड्यात उत्तर बदललं, अडखळलं, "कुणाबरोबर नाही" असं आलं, तर मला फोन करा.

"या गोलाच्या तासाने अभ्यासाचा वेळ जातो," असं म्हणणाऱ्यांना मी 2011चा एक मोठा आढावा दाखवते. जोसेफ डर्लाक आणि सहकाऱ्यांनी शाळांमधल्या अशा 213 कार्यक्रमांचे निष्कर्ष एकत्र केले. 2 लाख 70 हजारांवर मुलं त्यात होती. ज्यांना भावनिक-सामाजिक शिक्षण मिळालं त्यांचं वागणं तर सुधारलंच, पण अभ्यासातही ती इतरांपेक्षा 11 शतमानांनी पुढे गेली. पण खरं सांगायचं तर हा आकडा मी नाइलाजाने दाखवते. एखादं मूल मधल्या सुट्टीत नळाजवळ एकटं उभं असेल, तर त्याच्याकडे जायला गुणांचं कारण लागू नये.

अमेरिकेतल्या शालेय समुपदेशकांची संघटना 250 मुलांमागे एक समुपदेशक असावा असं म्हणते. आपल्या 2020च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातही शाळांना समुपदेशक किंवा प्रशिक्षित सामाजिक कार्यकर्ते जोडून द्यावेत असं लिहिलेलं आहे. आमच्या शाळेच्या संचमान्यतेत, म्हणजे सरकारने मंजूर केलेल्या पदांमध्ये, माझं पद नाही. माझं मानधन माजी विद्यार्थ्यांच्या देणगीतून येतं आणि एप्रिल आला की पुढच्या वर्षी ते येईल का, हा प्रश्न उभा राहतो. मला हे मनापासून चुकीचं वाटतं. शाळेला घंटा लागते, फळा लागतो, तसं कुणीतरी ऐकणारं माणूस लागतं. बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडकांनी 1945मध्ये बोर्डीला जाऊन जे सुरू केलं, त्यात मूल शाळेत येत नसेल तर शाळा त्याच्या अंगणात गेली. पुढे कोसबाडला त्या आणि त्यांच्या सहकारी अनुताई वाघ गुरं राखणाऱ्या मुलांसाठी कुरणात शाळा भरवत. ती दृष्टी आपल्याच मातीतली आहे. मीही दिवसातला अर्धा वेळ खोलीबाहेर असते: नळाजवळ, रिक्षांच्या रांगेत, चपलांच्या मांडणीपाशी. मूल अडलेलं असतं ते अशाच ठिकाणी.

गेल्या वर्षी पहिलीतली एक मुलगी शाळेत यायलाच तयार होईना. आई गेटवर सोडायची, हिचा आक्रोश. जून-जुलैमध्ये पहिलीत रडारड असतेच, पण हे दिवाळीनंतर सुरू झालं होतं. माझ्या खोलीत येऊन बसली की ती एकच खेळ खेळायची. मोज्यांच्या बाहुल्यांपैकी एकीला पिशवीत घालायचं, पिशवी दाराबाहेर ठेवायची, परत आणायची, आत बाहुली आहे का बघायची. पुन्हा बाहेर. मी विचारलं, "ही कुठे चालली?" ती म्हणाली, "गावाला."

आईला विचारलं तेव्हा कळलं. दिवाळीच्या आधी आजोबा वारले होते. नातीचा फार जीव होता, म्हणून घरच्यांनी तिला सांगितलं, "आजोबा गावाला गेलेत." सगळ्यांनी प्रेमापोटीच सांगितलं. पण गावाला गेलेलं माणूस परत येतं, येताना काहीतरी आणतं, हे तिला माहीत होतं. आजोबा येत नव्हते. फोनवर बोलत नव्हते. आणि त्याच आठवड्यात बाबा म्हणाले होते, की मला कामासाठी गावाला जायचंय. मग जे बाहेर जाईल ते परत येतं की नाही, याची खात्री ती रोज दारात उभी राहून करत होती. शाळेत आलं की घरातलं कोण जाईल, याचा पहारा कोण करणार?

मृत्यू म्हणजे कायमचं जाणं आणि तो प्रत्येकाला येतो, हे मुलांना साधारण पाच ते सात वर्षांच्या दरम्यान उमगायला लागतं. पण त्यासाठी कुणीतरी सरळ शब्द वापरावा लागतो. 'गावाला गेले', 'झोपले', 'देवबाप्पाला आवडले' यांनी मूल आणखी घाबरतं. मग ते झोपायला घाबरतं, देवबाप्पालाही घाबरतं. मी आईला एवढंच म्हटलं, की तिला जवळ घेऊन सांगा: आजोबा खूप आजारी होते, त्यांचं शरीर बंद पडलं, ते वारले, ते परत येणार नाहीत आणि आपल्याला सगळ्यांना त्यांची आठवण येते. ती रडेल. रडू द्या, तुम्हीही रडा. आईच्या डोळ्यांतून तिथेच पाणी यायला लागलं. ती म्हणाली, "मीच अजून नीट रडले नाहीये." त्या दिवशी तो तास आईचाच झाला.

तिसऱ्या दिवशी मुलगी आली. रडून डोळे सुजलेले, पण गेटवर हात सोडून आत आली होती. पिशवीचा खेळ त्यानंतर महिनाभर अधूनमधून चालला, मग थांबला.

यंदा ती दुसरीत आहे. पितृपक्षातल्या एका दुपारी मधल्या सुट्टीत डबा घेऊन माझ्याकडे आली. डब्यात वड्या होत्या आणि वाटीत खीर.

"ताई, हे आजोबांचं आहे. ते वारले ना, म्हणून आईने केलंय. मी गच्चीत ठेवलं कावळ्याला."

"मग? शिवला कावळा?"

"लगेच!" ती म्हणाली. "आजोबांना खीर आवडायची." आणि तिने वाटी माझ्याकडे सरकवली. वरचे वर्ग सुटले, जिना वाजायला लागला. आम्ही दोघी गप्प बसून खीर खाल्ली.